कापूरहोळ ते डाकार, व्हाया कात्रज

बँकेच्या कर्जाच्या अर्जात 'कर्जाचे प्रयोजन' असा एक रकाना असतो. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या रकान्यात मी काय काय वाचलेले नाही! दोन संकरित गाई, विहिरीची खोदाई, पिठाची गिरणी, मुलीचे लग्न (हे नेहमी 'घरदुरुस्ती' या नावाने येते). एका सत्यवचनी गृहस्थाने तर 'जुने कर्ज फेडणे' असे लिहिले होते. पण आमच्या कापूरहोळच्या शाखेत एका सोमवारी जो अर्ज आला, त्यात त्या रकान्यात निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'वाळवंटात गाडी चालविणे.'

मी चष्मा पुसला. मजकूर तोच राहिला.

अर्जदार समोरच उभा होता. फाट्यावरच्या गॅरेजातला पोरगा. वय चोवीस, हाताला ग्रीस, आणि ग्रीसचा तोच अंगठा अर्जाच्या चारही कोपऱ्यांवर. राजस्थानात मोटारसायकलींची एक शर्यत होती. सहा दिवस, रस्ता सोडून रेतीतून. त्याला नाव नोंदवायचे होते.

"अरे, पण कर्ज फेडणार कसं?"

"परत येऊन."

"आणि शर्यत जिंकलास तर बक्षीस किती?"

"जिंकाया कोण चाललंय, सायेब? पोचाया चाललोय."

हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवावे ते मला कळेना. म्हणून मी अर्ज घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब मूळचे आंबेगावचे. शर्यत म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे बैलगाडा येतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बैलगाड्यावर बंदी घातली तेव्हा ते उदास झाले होते, आणि २०२३ साली त्याच कोर्टाने परवानगी कायम केली तेव्हा शाखेत पेढे वाटले गेले होते. "यात बैल नाहीत?" त्यांनी विचारले. नाहीत म्हटल्यावर त्यांचा रस संपला. "एक टिपण तयार करा. हा धंदा काय आहे, कुठून आला, धोका किती. फाइलला लागतं."

वाचकहो, अशा रीतीने मी इतिहासकार झालो. मी बी.कॉम. इतिहासाशी माझा शेवटचा व्यवहार दहावीच्या परीक्षेत झाला आणि ते खाते अडतीस गुणांवर बंद झाले. परंतु ऑफिस ऑर्डर म्हटल्यावर माणूस काय काय करतो!

तशी कापूरहोळला बदली झाल्यापासून रस्ता सोडून गाडी चालविण्याचा मला स्वतःलाही थोडाफार अनुभव आहे. हे गाव पुणे-सातारा रस्त्यावरचे. पश्चिमेला वळलात तर भोर, पूर्वेला वळलात तर नारायणपूरवरून सासवड. त्यामुळे कापूरहोळला कुणी येत नाही, कापूरहोळवरून सगळे जातात. मी मात्र रोज येतो. कात्रजहून निघायचे, घाट उतरायचा, खेड-शिवापूर, नसरापूरचा फाटा आणि मग आमची शाखा. जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर. रस्ता सहापदरी करण्याचे काम २०१० साली सुरू झाले आणि पुढे किती वर्षे चालले ते या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. त्या काळात मी डांबर कमी आणि 'वळण रस्ता' असे लिहिलेल्या पाट्या जास्त पाहिल्या. घरी पोहोचलो की ही दारातच पायपुसणे घेऊन उभी असे. पायांसाठी नव्हे, सगळ्या अंगासाठी.

आणि वाहन? आमच्या वडिलांची बजाज चेतक. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली. तिला किक मारण्याआधी उजव्या बाजूला आडवी करावी लागते, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केलेले नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

असो. टिपणाकडे वळतो.

या सगळ्या प्रकाराचे मूळ एका माणसाच्या हरवण्यात आहे. थिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १९७७ च्या जानेवारीत आफ्रिकेतल्या आबीजानहून फ्रान्समधल्या नीसपर्यंतच्या एका शर्यतीत मोटारसायकल घेऊन उतरला आणि लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. अन्न नाही, पाणी नाही, चोहीकडे वाळू. शेवटी विमानाने शोधून त्याला उचलले. आता तुम्ही-आम्ही अशा प्रसंगातून वाचलो तर काय करू? सत्यनारायण घालू, आणि पुन्हा आळंदीपलीकडे जाणार नाही. या माणसाने घरी येऊन ठरवले की आपल्याला जे दिसले ते आणखी लोकांना दाखवले पाहिजे. म्हणजे, त्यांनाही तिथे नेऊन सोडले पाहिजे.

२६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसमधून १८२ वाहने निघाली. भूमध्य समुद्र ओलांडायचा, अल्जीरिया, नायजर, माली असे करीत सेनेगालची राजधानी डाकार गाठायची. एकूण दहा हजार किलोमीटर. १४ जानेवारी १९७९ ला मंडळी डाकारला पोहोचली तेव्हा निम्म्याहून जास्त वाहने वाटेत राहिली होती. सिरिल नेव्हू हा विशीतला पोरगा ५०० सीसीची यामाहा घेऊन पहिला आला. त्या वर्षी मोटारसायकल आणि मोटारी यांची यादी एकच होती, त्यामुळे भल्याभल्या जीपगाड्या दोन चाकांच्या मागे राहिल्या.

(दहा हजार किलोमीटर ऐकून आमचे कॅशियर चाट पडले. मी लगेच कॅल्क्युलेटरवर हिशोब करून दाखवला. रोजचे पासष्ट धरले तर एकशे चोपन्न दिवस. म्हणजे साधारण साडेसहा महिन्यांत मी एक डाकार पुरे करतो आणि मला कोणी हार घालत नाही, उलट तीन वेळा उशीर झाला की अर्धी रजा मांडतात.)

पण मला खरी ओढ लावली ती जिंकणाऱ्यांनी नव्हे. निघालेले लोक कोण होते ते पाहा. आपल्याकडे जशी हौशी नाटकमंडळी असतात, पोस्टातला नायक, शाळेतली नायिका आणि पडदा ओढायला एलआयसीतला कुणीतरी, तशी ही हौशी शर्यतमंडळी. नोकरीतून रजा काढून, स्वतःच्या खर्चाने, स्वतःची गाडी घेऊन आलेले. मारो नावाचे दोन भाऊ रेनो-४ घेऊन आले होते. रेनो-४ म्हणजे तिकडे तेव्हा खेड्यातला पोस्टमन नि पाववाला वापरायचा तसली गाडी. या गाडीने सहारा पार केला आणि दोघे भाऊ पहिल्याच वर्षी सगळ्यांत मिळून पाचवे आले. पुढे १९८२ साली, जरा बऱ्यापैकी रेनो घेऊन, ते मोटारींत पहिलेच आले.

आणि आता जे सांगतो ते पुणेकरांनी उभे राहून ऐकावे. १९८० च्या शर्यतीत चार व्हेस्पा स्कूटर उतरल्या होत्या. होय, स्कूटर! दोनशे सीसी, दहा इंची चाके, पुढे पाय ठेवायला जागा. मंडईतून भाजीची पिशवी आणण्यासाठी परमेश्वराने जे वाहन निर्माण केले, ते घेऊन माणसे सहारात गेली. चारांतल्या दोन डाकारला पोहोचल्या. ही व्हेस्पा म्हणजे नात्याने आमच्या चेतकची मावसबहीण लागते. बजाजने आधी इटलीच्या परवान्यावर व्हेस्पाच बनवल्या, आणि १९७२ पासून त्याच घाटणीची चेतक. हे वाचले त्या रात्री मी खाली जाऊन आमच्या चेतककडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. तिला आडवी करून सरळ केली. ती सुरू झाली नाही, पण माझा तिच्यावरचा राग गेला.

या लोकांना वाट सापडते कशी, हाही एक प्रश्न होता. गॅरेजवाल्याला विचारले. त्याने मोबाइलवर चित्रे दाखवून समजावले. हँडलवर एक डबी असते, तीत कागदाची गुंडाळी. इतके किलोमीटर सरळ, मग इतक्या अंशावर वळा, पुढे खड्डा, उद्गारचिन्ह एक. उद्गारचिन्हे तीन असली की सांभाळा. दिवसाच्या टप्प्यात काही भाग नुसता जाण्याचा, काही घड्याळ लावून पळण्याचा. वाळू आली की टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या छावणीत कंपन्यांच्या खेळाडूंची गाडी मेकॅनिक खोलतात आणि खेळाडू पाय चेपून घेतात. हौशी माणूस एकटा असतो. त्याची एक पेटी आयोजक पुढे नेऊन ठेवतात. त्या पेटीतली हत्यारे काढायची, टॉर्च तोंडात धरायचा, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायची आणि उरलेल्या रात्रीत झोपायचे. पुन्हा पहाटे उठायचे आहेच.

"ह्ये आपल्याला जमतंय की," पोरगा म्हणाला. "टॉर्च तोंडात धरून तर रोजच काम करतो. लाइट असते कुठं?"

टिपणात 'धोका' या शीर्षकाखाली काय लिहावे याचा विचार करीत मी बसलो होतो, त्याच सुमारास त्याची आई काउंटरवर आली. डोक्यावरचा पदर सारखा करीत तिने विचारले, "भाऊसायेब, तुम्ही त्या शर्यतीचं वाचताय म्हणं. धोक्याची हाय का वो?"

माझ्या टेबलावर तेव्हा १९८२ सालचे पान उघडे होते. त्या वर्षी इंग्लंडच्या पंतप्रधानबाई मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क या शर्यतीत गेला आणि सहारात हरवला. सहा दिवस पत्ता नाही. लोखंडी बाई म्हणून जगभर नाव असलेली ही बाई चारचौघांत रडली. बाप विमानाने अल्जीरियाला गेला. तिथल्या सैन्याने वाळवंट पालथे घातले. चिरंजीव सापडले, गाडीच्या बाजूला, धडधाकट. मी त्या माउलीला ही हकिगत सांगितली. "म्हणजे पंतप्रधानाचं पोरगंबी जातं व्हय," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा सैल झाला. "आणि सापडतं."

"सापडतं," मी म्हणालो.

पुढची पाने मी तिला सांगितली नाहीत. १४ जानेवारी १९८६ ला, मालीच्या वाळवंटात संध्याकाळच्या वाऱ्यात एक हेलिकॉप्टर कोसळले. त्यात पाच माणसे गेली. एक फ्रान्सचा लाडका गायक दानिएल बालाव्वान, आणि एक स्वतः थिएरी साबीन. वाळवंटाने नऊ वर्षांपूर्वी सोडून दिलेला माणूस वाळवंटाने परत घेतला. त्याची राख टेनेरेच्या वाळवंटातल्या एका एकट्या झाडापाशी विखुरली. शर्यतीत गेलेल्या इतरांची यादीही लांब आहे, आणि तीत नुसते स्पर्धक नाहीत. रस्त्याकडेला गंमत बघायला उभी राहिलेली, ज्यांच्या गावात कुणी विचारून आले नव्हते अशी माणसे आहेत, मुले आहेत. आमच्या फाट्यावर शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या बालाजीच्या दर्शनाला ज्या वेगाने वळतात, ते पाहणाऱ्या माणसाला हे वाचून अंगावर काटा येतो. हे सगळे मी टिपणात लिहिले. फाइलला लिहिणे आणि आईला सांगणे यात फरक असतो, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली.

कर्ज नामंजूर झाले, हे सांगायला नकोच. हौसेला मोल नाही म्हणतात. बँकेत ते साडेबारा टक्के असते, पण तारण लागते. साहेबांनी माझे सात पानांचे टिपण वजन करावे तसे हातात तोलून पाहिले आणि 'प्रयोजन उत्पादक नाही' असा शेरा मारला. पोराला मी निरोप दिला. तो रागावला नाही. म्हणाला, "सायेब, आमच्याच गावची धाराऊ पुरंदरावर गेली, तवा कुठं डांबरी व्हती?"

मला माझी लाज वाटली. इतकी वर्षे इथे येतो आणि फ्रान्सचा इतिहास मला पाठ! पुरंदरावर १६५७ साली संभाजीराजांचा जन्म झाला, सईबाईंची प्रकृती नाजूक, तेव्हा बाळाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ गडावर गेली, हे गावातले शेंबडे पोरही सांगते. गड इथून दिसतो. तिच्या वाटेवर उद्गारचिन्हे किती होती, ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

चार दिवसांनी त्याची आई पुन्हा आली. या वेळी रुमालात बांधलेल्या दोन पाटल्या होत्या. सोनेतारण कर्ज. सराफाने कसोटी लावली, वजन केले. 'प्रयोजन' या रकान्यापाशी माझे पेन थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे पाहिले, आणि मी 'शेतीकामासाठी' असे लिहिले. सोनेतारणाचे निम्मे अर्ज असेच भरतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही.

तो गेला त्या आठवड्यात माझे कामात लक्ष नव्हते. संध्याकाळी घरी मी टिपणाची दुसरी प्रत वाचत बसे. साबीन गेल्यावर शर्यत मोठ्या कंपन्यांची झाली, आणि मग मजाच मजा. १९८८ साली बामाको मुक्कामी पहिल्या क्रमांकावर असलेली प्यूजो मोटार रात्रीत चोरीला गेली! खंडणीचा फोन आला, गाडी सापडली, पण निघायची वेळ टळली म्हणून बाद. पुढल्या वर्षी त्याच कंपनीच्या दोन गाड्या एकमेकींवर इतक्या चढाओढीने धावू लागल्या की दोन्ही मोडतील या भीतीने साहेबाने नाणे उडवले आणि कोण जिंकणार ते ठरवून टाकले. आमच्याकडे प्रमोशनच्या बाबतीत नाणेसुद्धा उडवीत नाहीत. २००८ साली, मॉरिटानियात फ्रेंच प्रवाशांच्या हत्या झाल्यावर, शर्यत निघण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरबस्तानात. नाव मात्र डाकारच. डाकारला न जाणारी डाकार! 'पूना बोर्डिंग' नावाची खानावळ नागपुरात असावी तसे ते झाले. पण पेटीवाले हौशी तिथेही येत राहिले.

आपली माणसेही गेली. बंगळूरचे सी. एस. संतोष २०१५ साली ही शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, छत्तिसावे आले. तेच संतोष २०२१ साली सौदीत असे पडले की डॉक्टरांना त्यांना बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. पुढे बरे झाले. केरळातल्या शोरनूरच्या हारिथ नोआने २०२४ साली आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. आणि आमचे रावराणे! आशिष रावराणे, व्यापारी जहाजावरचे अधिकारी, म्हणजे नोकरी पाण्यात आणि हौस वाळूत. कंपनीच्या संघाशिवाय २०२१ साली उतरले. शेवट गाठता आला नाही. पुण्याच्या संजय टकले यांनी २०२५ साली जुन्या गाड्यांच्या डाकारमध्ये लँड क्रूझर नेली आणि पोहोचवली. या जुन्या गाड्यांच्या शर्यतीचा नियम मला फार आवडला. तिथे सर्वांत जोरात जाणारा जिंकत नाही. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी, ना लवकर ना उशिरा, पोहोचणारा जिंकतो. माझ्या हेड ऑफिसने हा नियम लावला तर मी शेवटचा येईन, पण येईन.

नवव्या दिवशी पोरगा शाखेत आला. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये. चौथ्या दिवशी टेकाडावरून उडाला होता. गाडीसह पाच तास वाळूत बसून होता, मग डाव्या हाताने क्लच आणि उजव्या कोपराने कसाबसा थ्रॉटल दाबीत मुक्कामाला आला. वेळ संपून दोन तास झाले होते. नाव कापले. गाडी रेल्वेने येणार होती, तिचे भाडे भरायला खात्यातून साडेतीन हजार काढायचे होते. आई बरोबर होती.

सही जुळणे शक्यच नव्हते. बावीस वर्षांत न जुळणारी सही मी पास केलेली नाही. म्हटले, "डावा अंगठा घेऊ. साक्षीदार म्हणून आईंची सही."

"मुक्कामाला लई लोक भेटलं, सायेब," तो सांगू लागला. "एक कोचीनचा शाळामास्तर व्हता. त्यानं त्याची पेटी उघडून मला पाना दिला. पुढल्या साली..." आईने त्याच्याकडे पाहिले. तो गप्प झाला.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही म्हनला व्हता सापडतं. सापडलं. खोटं न्हाई बोलला तुम्ही." जरा थांबून म्हणाली, "पर भाऊसायेब, ज्यानं ही शर्यत पैल्यांदा काढली, त्यो मानूस काय करतो वो आता?"

मागे रांग वाढली होती. मी शाईचा पॅड पुढे सरकवला.